किटलीची वाळू

राग्ना तोफ्ते कुठलंही काम शेवटाकडून मोजायची. मासेमारीच्या बोटींवर तिनं एकवीस वर्षं स्वयंपाक केला होता. बोटीवर एकदा जेवण चुकलं की माणसं चार दिवस तोंड वाकडं करून जाळी ओढतात, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून ती ताटापासून सुरुवात करायची. ताट सहाला पडायचं, तर बटाटे पावणेसहाला उतरायचे, तर सव्वापाचला चढायचे, तर पाचला सोलून व्हायचे. बोटीचा सारंग म्हणायचा, तासाभरात पोचतो. ती दोन तासांच्या अंदाजानं चूल पेटवायची, आणि ताट बरोबर वेळेला पडायचं.

त्या वर्षी एप्रिल संपता संपता तिनं पिठाची रिकामी कागदी पिशवी फाडून टेबलावर पसरली, सुताराची जाड पेन्सिल घेतली आणि सगळ्यात खाली लिहिलं: सतरा मे, सकाळी आठ, हॉल, फातीमान. फातीमान म्हणजे नॉर्वेकडची तळलेली गोड शंकरपाळी. मग त्याच्यावर एकेक ओळ चढवायला लागली.

तिचा नवरा आंकर खिडकीशी बसला होता. उजवा पाय स्टुलावर, मांडीवर मांजर, मांजरावर वर्तमानपत्र.

"काय लिवतीस?"

"अस्वल."

त्यानं मान लांब करून बघितलं. "ह्यात अस्वल कुटं हाय? सगळं खायाचंच दिसतंय."

"येतंय वर. अजून तळनापाशीच हाय मी."

"शिकारीला जायाचं तर मानसं बंदुकीपासनं सुरू करत्यात. तू पार कढईपासनं निघालीस."

"तुमी बंदुकीपासनं सुरू करायचा," राग्ना पेन्सिलीला थुंकी लावत म्हणाली, "म्हनून तीस वर्सं कॉफी इसरायचा."

आंकरनं वर्तमानपत्र वर उचललं. मांजरानं डोळे मिटले.

टॉर्सविक हे अलास्काच्या खालच्या अंगाच्या बेटांतलं गाव. शंभर वर्षांपूर्वी नॉर्वेहून आलेल्या कोळ्यांनी वसवलेलं. घरं खांबांवर, खाली पाणी, आणि दर घराला एक होडी. गावासमोर, बोटीनं तीन तासांवर पल्याडचं बेट. तिथं माणूस राहत नाही, अस्वलं राहतात, काळी, आणि भरपूर. बेटाच्या कडेनं खाड्या आहेत, आणि गावातल्या एकेका घराची एकेक खाडी आहे. हे कुठं लिहिलेलं नाही. सरकारदरबारी ती सगळी जमीन सरकारची, परवाना असेल तो कुठंही जाईल. पण टॉर्सविकचा माणूस दुसऱ्याच्या खाडीत बंदूक घेऊन शिरत नाही, जसा तो दुसऱ्याच्या मोरीत आंघोळीला शिरत नाही.

फक्त एक अट होती. सतरा मेला, म्हणजे नॉर्वेच्या राष्ट्रीय सणाला, सकाळी गावाची न्याहारी हॉलमध्ये होते. दर घरानं आपल्या खाडीतल्या अस्वलाच्या चरबीत काहीतरी तळून आणायचं. एखादं साल चुकलं, चालतं. दुसरंही चालतं. तिसऱ्या वर्षी ताट रिकामं आलं की ती खाडी मोकळी झाली, मग जो आधी मागेल त्याची.

तोफ्त्यांची खाडी म्हणजे किटली. पोट मोठं, तोंड चिंचोळं. त्या तोंडात खडकांची अशी कवळी बसलेली की भरतीच्या टोकाला तास अलीकडं, तास पलीकडं तेवढंच होडीला आत-बाहेर करता येतं. बाकी वेळ पाणी त्या दातांतून नुसतं खळाळतं. आंकरचा दोन वसंतांपूर्वी बोटीच्या शिडीवरून पडून खुबा मोडला, तेव्हा पहिलं साल गेलं. मागल्या वर्षी डॉक्टरांनी तोच खुबा परत उघडला, तेव्हा दुसरं गेलं. हे तिसरं.

आणि मागणारा तयारच होता. लुडविक स्कार, चौथ्या घरातला, डोक्यानं चलाख आणि मनानं तसा वाईट नाही. बाहेरगावच्या हौशी लोकांना वाटाड्या न घेता आपली आपण शिकार करायची असते, त्यांना तो होडी आणि तरंगती खोली भाड्यानं द्यायचा. त्याला एक खोली किटलीत बांधायची होती. खाडी बंदिस्त, वारा लागत नाही, पाहुण्यांना बोट लागायची नाही. फेब्रुवारीतच तो कॉफी प्यायला येऊन गेला होता.

"वैनी, घाई काय न्हाई," तो म्हणाला होता. "सतरा मेनंतर बोलू."

राग्नानं त्याला दुसरा कप विचारला नव्हता.

तीस वसंत ती त्या खाडीत आंकरबरोबर गेली होती, ते स्वयंपाकीण म्हणून. आंकर अस्वल मारायचा, ती चरबी कढवायची. पण वर्षातले तेवढेच पाच दिवस कोणी तिला वेळ विचारत नसे. वरच्या कुरणातून येणारा ओढा, त्याच्या काठचा चपटा दगड जिथं ती पीठ मळायची, समोरच्या झाडावरचं गरुडाचं घरटं. तिथं लुडविकचे पाहुणे रबरी बूट वाळत घालणार, हा विचार आला की ती हातातली कणीक जरा जास्तच जोरात तिंबायची.

पिशवीवरची यादी वर वर चढत गेली. तळण, एक तास. चरबी कढवणं, तीन तास. सोलणं, कापणं, दोन. परवाना होताच, साठीनंतर सरकार फुकट देतं. अस्वल मारायच्या परवानगीचं कार्ड पोस्टाच्या शेजारच्या कार्यालयातून आणलं. बंदूक आंकरची. सात हरणं तिनं आजवर मारली होती, त्यामुळं बंदुकीची ओळख होती. अस्वलाशी तेवढी ओळख व्हायची राहिली होती.

"येकटी जायाचं न्हाई," आंकर म्हणाला.

"मग कोन येतंय?"

आंकरनं मांजराचा कान खाजवला. दोघांनाही उत्तर माहीत होतं आणि दोघांनाही ते नको होतं.

बोर्गिल म्हणजे आंकरची थोरली बहीण. वय सदुसष्ट, हाताला गोदीवरच्या माणसाचा जोर, सुरी चालवण्यात गावात पहिली. दोष एकच: तोंड थांबत नसे. झोपेतसुद्धा ती कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत असे.

"वन्सं, अस्वलाला कान असत्यात," राग्ना तिला पहिल्याच दिवशी म्हणाली.

"असंनात. मी काय त्येच्याबद्दल वंगाळ बोलनार हाय?"

राग्नानं यादीत एक ओळ घातली: कडक साखरेच्या गोळ्या, दोन किलो, वन्संसाठी. जागेपणीचे सोळा तास, एक गोळी वीस मिनिटं. मोजून बघितलं आणि अर्धा किलो वाढवला.

भरतीच्या वेळा तिनं वहीतून उतरवल्या. ही वही इंधनाच्या धक्क्यावर फुकट मिळते, वर्षभराच्या भरती-ओहोटीची. तिच्यातल्या वेळा हिवाळ्याच्या घड्याळाच्या. उन्हाळ्यात घड्याळं पुढं केली की एक तास मिळवायचा. हे टॉर्सविकचं पोर बोलायला लागायच्या आधी शिकतं. आंकरनं यादी तपासली.

"तास मिळवलास न्हवं?"

"न मिळवायला मी काय बाहेरची हाय?"

"मग ठीक. पन हे पीठ, अंडी, वेलची कशाला? अस्वल घरी आन, हितं तळ."

"सारंगाच्या वेळेवर मी कवा चूल पेटवलीय? उशीर झाला तर कनीक तयार पायजे."

"लाटनं सुदीक घेतलंयस," आंकर हसून मांजराला सांगायला लागला. "बगितलंस का? आमची बाई लाटनं घिऊन अस्वलावर निघालीय."

चौदा मेला दुपारी त्या निघाल्या. बोर्गिलनं बंदूक मांडीवर घेतली, राग्नानं इंजिनाचा दांडा धरला. धक्क्यावर आंकर काठीला टेकून उभा होता, खिशात हात घालून, आणि फारच निरागस चेहरा करून. त्याचा अर्थ राग्नाला दोन दिवसांनी कळला.

सव्वापाचच्या आधीच त्या किटलीच्या तोंडाशी पोचल्या. राग्नाच्या यादीप्रमाणे भरतीला अजून अर्धा तास होता.

"राग्ने, पानी भाईर चाललंय," बोर्गिल गालातली गोळी सरकवत म्हणाली.

"काठाची उलटी वढ हाय ती. भरती हुयाचीय अजून."

"शेवाळाकडं बघ की. सगळं भाईर तोंड करून झोपलंय."

"वन्सं, गोळी खावा."

होडी दातांवरून अलगद आत गेली. आत खाडी तशीच होती. घरट्यावरचा गरुड तोच की दुसरा, कोण जाणे, पण बघायची तऱ्हा तीच. त्यांनी दोन झाडांमध्ये ताडपत्री बांधली, स्टोव्ह लावला, कणकेचा गोळा कापडात बांधून डब्यात घातला आणि डबा ओढ्याच्या गार पाण्यात दगडाखाली दाबून ठेवला.

पंधरा तारखेला दिवसभर पाऊस. खाडीच्या टोकाला कुरण आहे. वसंतात अस्वलं गुहेतून उठली की तिथलं कोवळं गवत गाईसारखी चरतात. वारा तोंडावर येईल अशा बेतानं दोघी पडलेल्या ओंडक्यामागं बसून राहिल्या. दुपारी तीनला झाडीतून एक अस्वल निघालं. राग्नानं बंदूक उचललीच नाही, दुर्बीण उचलली. अस्वलामागून एक काळा गोळा बाहेर पडला. मग दुसरा, पहिल्यावर आपटून.

"लेकुरवाळी हाय," राग्नानं दुर्बीण खाली ठेवली.

लेकुरवाळीला हात लावायचा नाही. तो सरकारचाही नियम आणि तोफ्त्यांचाही. दोन पिल्लं संध्याकाळपर्यंत एकमेकांचे कान चावत राहिली आणि दोघी बायका भिजत राहिल्या.

"ही हितं ऱ्हायाला असंल तर दुसरं कोन यील वाटत न्हाई," बोर्गिल म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

सोळाची पहाट उजाडली ती स्वच्छ. राग्नानं यादी बघितली. भरती पावणेसातच्या पुढं. पावणेआठपर्यंत तोंड उघडं. ताडपत्री उतरवून, होडी भरून, तिनं सातपर्यंत कुरणाकडं शेवटचं बघून घेतलं. गवत, धुकं, दोन बदकं. तिनं बंदूक खांद्याला अडकवली आणि होडीत बसली.

सव्वासातला त्या तोंडाशी आल्या. तोंड बंद होतं. सगळे दात वर आलेले, आणि त्यांतून पाणी असं घुमत बाहेर चाललेलं की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. राग्नानं घड्याळ बघितलं. कानाला लावलं. परत बघितलं.

"बंद पडलंय काय?" बोर्गिलनं विचारलं.

"चालू हाय."

"मग समुद्र बंद पडलाय म्हनायचं."

त्या परत येऊन होडी ओढ्यापाशी नांगरून बसल्या. राग्ना दगडावर बसली, कोपरं गुडघ्यावर. रात्री घरी, मग फातीमान निदान दुकानच्या चरबीत तरी, असं काहीबाही तिच्या मनात आलं आणि तिचं तिलाच किळसवाणं वाटलं. बोर्गिलला बोलायला काही विषय उरला नव्हता, म्हणून तिनं भरतीची वही घेतली आणि जाहिराती वाचायला लागली. दोर, रंग, दाताचा डॉक्टर. मग ती पहिल्या पानावर आली.

"राग्ने, ह्या वर्सी वही नवी हाय व्हय?"

"दर वर्सी नवीच असती."

"तसं न्हाई. हितं छापलंय बग. 'वेळा उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणे दुरुस्त केल्या आहेत. तास मिळवू नये.'"

राग्नानं वही ओढून घेतली. वाचलं. अक्षरं मोठी होती, ठळक होती, चौकटीत होती. पण भरतीच्या वहीचं पहिलं पान टॉर्सविकमध्ये आजवर कुणी वाचलं असेल तर तो दाताचा डॉक्टर असेल.

"म्हंजे परवा पानी खरंच भाईर चाललं हुतं," बोर्गिल म्हणाली.

"व्हय."

"आनी शेवाळ खरं बोलत हुतं."

"व्हय, वन्सं."

"आनी मला गोळी खायाला सांगितलीस."

राग्ना आधी खांद्यांनी हसली, मग पोटानं. बोर्गिल तिच्याहून मोठ्यानं हसली. वर गरुड उडून गेला. किती वेळ गेला कोण जाणे, पण हसणं ओसरलं तेव्हा राग्नाच्या हातात पेन्सिल होती.

तिनं पिशवी उलटी केली. कोऱ्या बाजूला, सगळ्यात खाली, पुन्हा तेच लिहिलं: सतरा मे, सकाळी आठ. वर: निजायला घरी, दहा. वर: किटलीचं तोंड, खऱ्या वेळेप्रमाणे, सव्वापाच ते सव्वासात, निघायचं साडेसहाला. दहाला पोचून चरबी कढवत बसायचं म्हटलं तर झोपेत सगळं करपणार. म्हणजे तळण इथंच. एक तास. कढवणं, तीन. सोलणं, दोन. आवराआवरीला अर्धा. पेन्सिल थांबली.

"अस्वलाला बारापर्यंत वेळ हाय," ती म्हणाली.

"निरोप धाडू का त्येला?"

"धाडा. पन हळू आवाजात."

ओहोटीनं खाडीचा तळ उघडा पडत गेला. काळी वाळू, शिंपले, लोळलेलं शेवाळ. दोघी ओंडक्यामागं बसल्या. दहा वाजले, साडेदहा झाले. बोर्गिलच्या पिशवीतली शेवटची गोळी संपली आणि तिनं नुसता कागद चोखायला घेतला. अकराला दहा कमी असताना, कुरणातून नव्हे, बाजूच्या दाट झुडपांतून एक अस्वल निघून थेट वाळूवर आलं आणि सावकाश दगड उलटे करायला लागलं.

मोठं होतं. डोकं रुंद, कान एकमेकांपासून लांब बसवलेले. बोर्गिलनं राग्नाचा दंड दाबला. राग्नानं दुर्बीण लावली ती खाली काढलीच नाही. झुडपांकडं, अस्वलाकडं, परत झुडपांकडं. मागून काही येतंय का. पाच मिनिटं. दहा. दुधावर नजर ठेवतात तशी ती बसली. आणखी जरा, आणखी जरा. आपल्याला बाराची घाई आहे हे तिला माहीत होतं, आणि म्हणूनच ती स्वतःवर विश्वास ठेवायला तयार नव्हती. अर्धा तास झाला. अस्वल आडवं वळून उभं राहिलं, पोटाखालचं सगळं स्पष्ट दिसलं, आणि पिल्लांचा प्रश्न कायमचा मिटला.

"नर हाय," बोर्गिल श्वासातच म्हणाली. अख्ख्या सकाळभरातलं ते तिचं सगळ्यात छोटं वाक्य.

राग्नानं बंदूक ओंडक्यावर टेकवली. एकच आवाज झाला, डोंगराला लागून परत आला. अस्वल चार पावलं धावलं आणि वाळूवर बसल्यासारखं कोसळलं. तिनं दुसरी गोळी भरून बराच वेळ वाट पाहिली. मग दोघी चालत गेल्या. आंकर नेहमी करायचा तशी तिनं डोक्यावरची लोकरी टोपी काढली. बोर्गिलनंही काढली. दोघी घटकाभर तशाच उभ्या राहिल्या, मग टोप्या घातल्या, कारण बारा वाजायला दहा मिनिटं होती.

बोर्गिलची सुरी सुरू झाली की तिचं तोंडही सुरू झालं, पण आता त्याला हरकत नव्हती. हिवाळाभर अस्वल स्वतःचीच चरबी खाऊन झोपलेलं असतं; वसंतात पाठीवर, ढुंगणावर बोटभर उरली तर नशीब. कॉफीचा डबा पाऊण भरेल एवढी निघाली. मांस पिशव्यांत बांधून होडीत, कातडं मीठ लावून गुंडाळलं. वाळूवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, वाहून आलेल्या लाकडांची चूल मांडली. चरबीचे बारीक तुकडे मंद आचेवर चढले, आणि तीन तासांत हळूहळू त्यांचं स्वच्छ, पाण्यासारखं तेल झालं. बोर्गिलच्या डोक्याच्या रुमालातून ते गाळलं.

"धुतलेला हाय न्हवं?"

"ईस्टरला धुतलाय."

मग राग्नानं कणकेचा डबा आणला, पिशवीत हात घातला, लाटणं काढायला. हाताला पक्कड लागली. तिनं पिशवी उपडी केली. लाटण्याच्या जागी पक्कड, दोन नट आणि आंकरच्या अक्षरातली चिठ्ठी: शिकारीला हे लागतं.

राग्नानं चिठ्ठी बोर्गिलपुढं धरली.

"तुमचा भाऊ," ती म्हणाली.

"लगीन तू केलंस त्येच्याशी. आमी नुस्तं जल्मलो संगं." बोर्गिलनं कोटाच्या आतल्या खिशातून एक बाटली काढली, उभट, गोल, दारू निम्मी. "हिनं लाट."

"ही कवापासनं हाय?"

"गुडघ्याला चोळायला आनलीया."

"निम्मी झालीय."

"दोन गुडघं हायती."

होडीची फळी पालथी घालून राग्नानं बाटलीनं कणीक लाटली. शंकरपाळ्यांसारखे तुकडे पाडले, दर तुकड्याच्या मध्ये चीर दिली, एक टोक चिरेतून ओढून काढलं, आणि सहा-सहा करून कढईत सोडले. वेलचीचा वास खाडीभर पसरला. वाऱ्यानं अधूनमधून वाळू उडायची, ती कणकेवर बसायची. झटकायला वेळ नव्हता. शेवटचा घाणा निघत होता तेव्हा पलीकडं कुरणाच्या कडेला ती लेकुरवाळी येऊन उभी राहिली, दोन पिल्लं पायांशी, तिन्ही नाकं वर.

"पाव्हनं आलं," बोर्गिल म्हणाली.

"न्याहारी उद्या हाय म्हनावं. चला."

साडेसहाला होडी दातांवरून बाहेर पडली. राग्नानं शेवाळाकडं बघून घेतलं. ते या खेपेला तिच्यासारखंच बाहेर तोंड करून होतं.

घरी पोचेपर्यंत अजून उजेड होता. आंकर धक्क्यावर उलट्या बादलीवर बसला होता, दुपारपासून बसला असावा, कारण त्याच्या शेजारी मांजरही होतं. त्यानं होडीतलं कातडं बघितलं. डबा बघितला. डोळे पुसावेत तसा नाकावरून हात फिरवला.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"पक्कड भारी कामाला आली," राग्ना म्हणाली आणि दोर त्याच्याकडं फेकला.

सतरा मेला सकाळी हॉलमध्ये लांब टेबल मांडलं होतं. दर घराचं ताट, ताटाशी घराची बाई, आणि कॉफीचा वास. लुडविक स्कार स्वच्छ सदरा घालून आला, तो सरळ तोफ्त्यांच्या ताटापाशी.

"वैनी, मला वाटलं हुतं औंदा रिकामं यील."

"वाटतं मानसाला."

"दिसाया तर झ्याक हाय." त्यानं एक तुकडा उचलून उजेडात धरला. "पन मानूस इच्यारनारच की. चरबी किटलीतलीच कशावरनं? दुकानात बी डबा मिळतो."

आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. विचारायचा त्याला हक्क होता, हे राग्नालाही मान्य होतं.

"खाऊन बगा," ती म्हणाली.

लुडविकनं चावा घेतला. जबडा दोनदा फिरला आणि थांबला. दातांखाली कर्रकन आवाज आला, तो पलीकडच्या टेबलावरही ऐकू गेला. त्यानं जिभेच्या टोकावरून काहीतरी बोटावर घेतलं आणि बघितलं. वाळूचा कण होता, काळा कुळकुळीत. पल्याडच्या बेटावर काळी वाळू एकाच खाडीत आहे, आणि फेब्रुवारीपासून लुडविकनंच गावभर सांगितलं होतं की काळ्या वाळूवर पाहुण्यांचे फोटो कसे छान येतील.

त्यानं तो कण दोन बोटांत चोळून बघितला. मग सदऱ्याला बोट पुसलं.

"किटलीतलीच," तो म्हणाला. तो मनानं वाईट नव्हता.

हॉलमध्ये हसण्याची लाट उठली. कुणीतरी आंकरच्या पाठीत थाप घातली, जणू अस्वल त्यानंच मारलं होतं. बोर्गिलला राहवलं नाही. तिनं वाळूवर कसं तळलं, पाणी कसं बाहेर चाललं होतं, शेवाळ कसं खरं बोलत होतं, वहीच्या पहिल्या पानावर काय छापलंय, सगळं एका दमात सांगून टाकलं. राग्नानं खिशात गोळी शोधली; सापडली नाही.

पण हसं झालं नाही.  माणसं कपात बघायला लागली. कोपऱ्यातून कोणीतरी खाकरलं.

"पहिल्या पानावर छापलंय म्हनं," आंकर सावकाश म्हणाला. यादी त्यानंच तपासली होती, त्यामुळं त्याला फार जोरात बोलता येत नव्हतं. मग त्याची नजर फिरली. "लुडविक, गेल्या पंधरवड्यात तुजं इंजिन बिगडलं हुतं न्हवं? पाव्हन्यांसंगं चिखलात सा तास?"

"इंजिनच बिगडलं हुतं," लुडविक म्हणाला.

"आनी माजं परवा," कोपऱ्यातला म्हणाला.

"आमचं बी येकदा," दारातून आणखी एक आवाज आला, आणि मग कुणालाच तोंड बंद ठेवता आलं नाही. त्या वसंतात टॉर्सविकच्या निम्म्या होड्या चिखलात बसून आल्या होत्या, आणि सगळ्यांची इंजिनं बिघडली होती.

न्याहारी दुपारपर्यंत चालली. तोफ्त्यांचं ताट सगळ्यात आधी रिकामं झालं, वाळूसकट. निघताना लुडविकनं शेवटचा तुकडा उचलला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला.

घरी आल्यावर आंकरनं कपाटामागून लाटणं काढून टेबलावर ठेवलं. राग्नानं पिठाची नवी पिशवी फाडून पसरली, सगळ्यात खाली लिहिलं: पुढचं साल, सतरा मे, सकाळी आठ. त्याच्यावर तळण. तळणाच्या पुढं, कोण, तिथं तिनं थोडा विचार केला आणि लिहिलं: आंकर.

"म्या तळायचं?"

"बंदूक माजी, सुरी वन्संची. चूल मोकळी हाय."

आंकरनं मांजराकडं बघितलं. मग पेन्सिल मागितली आणि स्वतःच्या नावाखाली, जरा बारीक अक्षरात, लिहिलं: कॉफी.